प्रिंट केलं तरी दिसत नाही, फाइल लिहिली तरी रिकामी: बफरिंग पायरी पायरीने

प्रोग्रामिंग नुकतंच सुरू केलेल्यांना एक गोष्ट फार छळते. कोड बरोबर असतो, लॉजिक बरोबर असतं, कंपायलरची काही तक्रार नसते, आणि तरीही प्रिंट केलेली ओळ स्क्रीनवर येत नाही, किंवा सगळ्या ओळी शेवटी एकदम धबाधबा येतात, किंवा फाइल उघडून बघावी तर रिकामी, किंवा प्रोग्राम नाव विचारतो आणि आपण काही टाइप करायच्या आत पुढे निघून जातो. मग माणूस लॉजिकच बदलत बसतो, अख्खी संध्याकाळ त्यात जाते, आणि लॉजिकमध्ये मुळात काहीच चुकलेलं नसतं. अशा वेळी बहुतेकदा कारण बफर असतं, म्हणजे डेटा पुढे पाठवायच्या आधी तात्पुरता साठवून ठेवायची जागा. हे कोणी नीट बसवून सांगत नाही म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय, लिनक्स डोळ्यासमोर ठेवून, पण बरंचसं सगळीकडे लागू पडतं.

आधी एवढं पक्कं करून घ्या. तुम्ही लिहिलेला डेटा कुठल्याही क्षणी तीनपैकी एका ठिकाणी असतो. पहिलं ठिकाण तुमच्याच प्रोग्रामची मेमरी, तिथे लायब्ररीने एक बफर ठेवलेला असतो. दुसरं ठिकाण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तिसरं म्हणजे खरोखरची डिस्क, नाहीतर समोरचा प्रोग्राम. काहीही विचित्र दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, "डेटा आत्ता यातल्या कुठल्या ठिकाणी अडकलाय?" खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या भोवती आहेत.

आणि बफर असतो तरी कशाला? कर्नलला हाक मारणं, म्हणजे सिस्टिम कॉल, हे साध्या फंक्शन कॉलपेक्षा बरंच महाग पडतं. किराणा आणताना मीठ, साखर, पोहे यासाठी तीन वेगळ्या फेऱ्या कोणी मारत नाही, यादी करून एकदाच जातो, तसंच लायब्ररी तुमचे छोटे छोटे तुकडे साठवते आणि बफर भरला की एकदम कर्नलकडे देते. सी मध्ये फाइल किंवा पाइपसाठी (पाइप म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला जोडणारी नळी) हा बफर सहसा 4096 बाइटचा असतो, जावाच्या बफर्डरीडरमध्ये 8192 कॅरेक्टरचा. म्हणजे हे मुद्दाम केलंय, आणि चांगल्यासाठीच केलंय, फक्त ते चालू आहे हे आपल्याला माहीत असायला हवं.

पायरी 1: आधी स्वतःच्या डोळ्याने बघा

वाचून पटणार नाही, म्हणून करूनच बघा. पायथनमध्ये पाच फेऱ्यांचा लूप लिहा, प्रत्येक फेरीत "ओळ" आणि तिचा नंबर प्रिंट करा आणि मग एक सेकंद झोपवा. टर्मिनलवर चालवलं की दर सेकंदाला एक ओळ येते, अगदी अपेक्षेप्रमाणे. आता तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, पाइप करून कॅट कमांडला जोडा. पाच सेकंद स्क्रीन कोरी, आणि मग पाचही ओळी एकदम.

आता लिनक्सवर असाल तर हाच प्रोग्राम स्ट्रेसखाली (strace, प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) चालवा आणि फक्त राइट हा सिस्टिम कॉल दाखवायला सांगा. टर्मिनलवर पाच राइट दिसतात आणि प्रत्येकाच्या उजवीकडे 9 हा आकडा असतो. ओ चे तीन बाइट, ळ चे तीन, एक स्पेस, एक अंक, एक न्यूलाइन, झाले नऊ. पाइप केल्यावर एकच राइट दिसतो, आणि उजवीकडे 45. स्ट्रेस देवनागरी अक्षरं उलट्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दाखवतो, त्याला बिचकू नका, शेवटचा आकडा बघायचा. हे एकदा बघितलं ना की बफरिंग ही हवेतली गोष्ट राहत नाही, प्रोग्रामने पाच वेळा "लिहिलं" आणि कर्नलला एकदाच कळलं, हे समोर दिसतं.

पायरी 2: टर्मिनल असेल तर वेगळं, पाइप असेल तर वेगळं

वरच्या प्रयोगात प्रोग्राम तोच होता मग वागला वेगळा का? कारण लायब्ररी सुरुवातीलाच तपासते की आउटपुट कुठे चाललंय. समोर टर्मिनल असेल तर माणूस बघतोय असं धरून लाइन बफरिंग, म्हणजे न्यूलाइन आली की पाठवायचं. समोर फाइल किंवा पाइप असेल तर फुल बफरिंग, म्हणजे बफर भरेपर्यंत थांबायचं. आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे एररचे संदेश जायचा वेगळा मार्ग, सी मध्ये बफरच होत नाही, लिहिलं की गेलं. (पायथनमध्ये 3.9 पासून स्टँडर्ड एरर कायम लाइन बफर्ड असतो, पाइप असो वा नसो.)

या एका नियमातून नवीन लोकांच्या निम्म्या तक्रारी सुटतात. डॉकरमध्ये पायथन सर्व्हिस टाकली आणि लॉग येतच नाहीत? कंटेनरमध्ये टर्मिनल नाही, म्हणून फुल बफरिंग चालू आहे. लॅपटॉपवर "चालतं" आणि सर्व्हरवर "चालत नाही", त्याचं कारण हेच. काही आयडीईंच्या कन्सोलमध्ये सी चा प्रोग्राम "नंबर टाका" असं न विचारताच थांबून राहतो, कारण तो कन्सोल खरं टर्मिनल नसतोच, आतून पाइप असतो. आणि टर्मिनलवरसुद्धा न्यूलाइन न देता प्रोग्रेससाठी टिंबं प्रिंट करत असाल तर तीही दिसणार नाहीत, न्यूलाइन आल्याशिवाय लाइन बफर सुटतच नाही.

उपाय म्हणजे फ्लश, बफरमधलं लगेच पुढे पाठवणं, आणि ते करायच्या पद्धती भाषेप्रमाणे वेगळ्या आहेत. पायथनमध्ये प्रिंटला फ्लश बरोबर ट्रू द्या, किंवा पायथन चालवतानाच मायनस यू द्या, किंवा पायथनअनबफर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करून ठेवा, डॉकरसाठी हा शेवटचा उपाय सगळ्यात सोपा. सी मध्ये एफफ्लश, किंवा सुरुवातीलाच सेटव्हीबफने मोड बदला, पण तो स्ट्रीम उघडल्यानंतर आणि त्यावर दुसरं काहीही करायच्या आधी, दोन प्रिंटएफ झाल्यावर सेटव्हीबफ करून उपयोग नाही. आणि सेटव्हीबफला स्वतःचा अ‍ॅरे देत असाल तर तो फंक्शनमधला लोकल अ‍ॅरे देऊ नका, फंक्शन संपलं की तो अ‍ॅरे जातो आणि लायब्ररी मात्र त्याच जागेवर लिहीत राहते, मग जे होतं ते शोधताना डोळ्यात पाणी येतं.

जावात प्रिंटरायटरला ऑटोफ्लश चालू करून दिला तरी तो प्रिंटएलएन, प्रिंटएफ आणि फॉरमॅट यांनाच लागू होतो, साध्या प्रिंटला नाही. सॉकेटवर चॅट सर्व्हर लिहिणारे विद्यार्थी इथे हमखास अडकतात, एका बाजूने प्रिंट केलेलं बफरमध्येच बसलेलं आणि दुसरी बाजू रीडलाइनवर वाट बघत बसलेली. त्यात रीडलाइनला न्यूलाइन लागते, ती पाठवलीच नसेल तर फ्लश करूनही ती बाजू हलणार नाही. दोन्ही तपासा.

रस्ट मात्र थोडं वेगळं आहे, त्यात स्टँडर्ड आउटपुट पाइप असला तरी लाइन बफर्डच राहतो. आणि गो मध्ये एफएमटीचं प्रिंटएलएन बफर न करता थेट कर्नलकडे जातं, म्हणून गो मध्ये वरचा प्रयोग केलात तर पाइप करूनही ओळी दर सेकंदाला येतील. एका भाषेत शिकलेला नियम दुसरीत तसाच धरून चालू नका.

सी प्लस प्लसवाल्यांनी एंडएल जपून वापरावं. एंडएल म्हणजे न्यूलाइन अधिक फ्लश. फाइलमध्ये दोन लाख ओळी लिहिताना प्रत्येक ओळीला एंडएल दिलंत तर दोन लाख वेळा फ्लश, बफरचा सगळा फायदा गेला. तिथे साधी न्यूलाइन द्या. याच्या बरोबर उलट, कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या साइटवर इंटरअ‍ॅक्टिव्ह प्रॉब्लेम (तपासणाऱ्या प्रोग्रामशी, म्हणजे जजशी, प्रश्नोत्तरं करत सोडवायचा) सोडवत असाल तर प्रत्येक प्रश्नानंतर फ्लश केलंच पाहिजे, नाहीतर तुमचा प्रश्न जजपर्यंत पोचत नाही, जज थांबलेला, तुम्ही थांबलेले, आणि शेवटी आयडलनेस लिमिट एक्सीडेड.

पायरी 3: क्रॅश झाला की प्रिंटवर विश्वास ठेवू नका

माझ्या मते ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, कारण इथे बफर तुम्हाला चुकीच्या जागी शोधायला लावतो.

समजा सी चा प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने पडतोय. तुम्ही जागोजागी प्रिंटएफ टाकता, "इथे आलो 1", "इथे आलो 2", असं, आणि आउटपुट फाइलमध्ये घेता. फाइलमध्ये शेवटचं "इथे आलो 2" दिसतं, किंवा काहीच दिसत नाही. साहजिकच वाटतं की 2 आणि 3 च्या मध्ये गडबड आहे. पण प्रोग्राम कदाचित 9 पर्यंत व्यवस्थित गेलेला असतो, 3 ते 9 चे सगळे संदेश बफरमध्ये होते, आणि क्रॅश झाल्यावर प्रोग्रामच्या मेमरीबरोबर तेही गेले. क्रॅशच्या वेळी बफर रिकामा करायला कोणी नसतं.

हेच किल मायनस नऊ दिल्यावर होतं. पायथनमध्ये सिगटर्मसाठी (प्रोग्रामला थांबायला सांगणारा सिग्नल) हँडलर लावलेला नसेल तर सिगटर्म आल्यावरही होतं. अंडरस्कोर एक्झिट, किंवा पायथनमधलं ओएस डॉट अंडरस्कोर एक्झिट वापरलं तरी होतं, कारण ते जाणूनबुजून बफर न सोडता बाहेर पडतं. साधं एक्झिट किंवा मेनमधून रिटर्न मात्र बफर सोडून मग जातं. गो मध्ये ओएस डॉट एक्झिट आणि लॉग डॉट फेटल हे दोन्ही डिफर केलेल्या, म्हणजे फंक्शन संपताना चालवायला ठेवलेल्या, गोष्टी चालवत नाहीत, तेव्हा "मी डिफरमध्ये फ्लश ठेवलंय ना" असं म्हणून निर्धास्त राहू नका.

तेव्हा डीबगचे संदेश नेहमी स्टँडर्ड एररवर. एवढी एक सवय लावून घ्या.

पायरी 4: उलटा क्रम आणि दोनदा छापलेल्या ओळी

पायथनमध्ये "सुरू" प्रिंट करा, मग सबप्रोसेसने एलएस चालवा, मग "संपलं" प्रिंट करा आणि सगळं आउटपुट फाइलमध्ये न्या. फाइलमध्ये आधी एलएसची यादी, मग "सुरू", मग "संपलं". एलएस हा वेगळा प्रोसेस, त्याने आपलं लिहून झालं की आपला बफर सोडला आणि संपला, तुमचे दोन्ही शब्द मात्र तुमच्या बफरमध्ये शेवटपर्यंत बसून होते. दुसऱ्याला कामाला लावायच्या आधी आपला बफर फ्लश करायचा, एवढाच उपाय.

सी प्लस प्लसमध्ये सिंक विथ एसटीडीआयओ फॉल्स करून वेग वाढवतात, स्पर्धेत तर सगळेच करतात, पण त्यानंतर सीआउट आणि प्रिंटएफ एकाच प्रोग्राममध्ये मिसळले की क्रम विस्कटतो, कारण आता दोघांचे बफर वेगळे. एक काहीतरी निवडा.

फोर्कचं तर याहून गमतीदार आहे. सी मध्ये "नमस्कार" आणि न्यूलाइन प्रिंट करा, त्यानंतर फोर्क करा, म्हणजे चालू प्रोसेसची नक्कल असलेला मूल प्रोसेस बनवा, आणि दोघांनाही साधं रिटर्न करू द्या. टर्मिनलवर एकदा नमस्कार. फाइलमध्ये घेतलं की दोनदा. फोर्क पूर्ण मेमरीची नक्कल करतो, त्यात न सुटलेला बफरही आला, मग आई आणि मूल दोघेही जाताना आपापला बफर सोडतात. न्यूलाइन काढून टाकलीत तर टर्मिनलवरही दोनदा येईल, का ते आता तुमचं तुम्हाला कळेल. उपाय, फोर्कच्या आधी एफफ्लश, आणि मुलाला लगेच संपायचं असेल तर अंडरस्कोर एक्झिट, वर ज्याला शिव्या दिल्या तेच इथे उपयोगी पडतं.

पायरी 5: वाचताना मागे राहिलेली न्यूलाइन

आता वाचण्याकडे येऊ. जावात स्कॅनरने वय विचारलं नेक्स्टइंटने, मग नाव विचारलं नेक्स्टलाइनने, आणि नाव न घेताच प्रोग्राम पुढे. कीबोर्डवर काय दाबलं ते बघा, 2, 5, एंटर. बफरमध्ये तीन कॅरेक्टर आले, दोन, पाच आणि न्यूलाइन. नेक्स्टइंटने दोन आणि पाच उचलले, न्यूलाइन तिथेच ठेवली. नेक्स्टलाइनचं काम न्यूलाइनपर्यंतचं सगळं द्यायचं, त्याला पहिलीच न्यूलाइन मिळाली, त्याने रिकामी स्ट्रिंग दिली. त्याचं काही चुकलं नाही. सी मध्ये स्कॅनएफनंतर एफगेट्स, सी प्लस प्लसमध्ये सीइननंतर गेटलाइन, सगळीकडे हीच कथा.

आपल्याकडे कॉलेजांमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी वर शिकवल्यामुळे यावर एफफ्लश एसटीडीइन हा उपाय पाठ करून घेतलेला आहे. कृपया सोडून द्या तो. सी च्या स्टँडर्डप्रमाणे एफफ्लश हे आउटपुटसाठी आहे, इनपुट स्ट्रीमवर ते केलं तर काय होईल हे ठरलेलंच नाही, एखाद्या जुन्या कंपायलरवर चाललं म्हणून लिनक्सवर चालेल असं नाही, आणि इंटरव्ह्यूमध्ये तर हे लिहूच नका. त्यापेक्षा पूर्ण ओळ एफगेट्सने वाचायची आणि मग त्या ओळीतून एसस्कॅनएफ किंवा एसटीआरटीओएलने नंबर काढायचा. वाचायचं एकाच पद्धतीने, अर्थ लावायचा नंतर, म्हणजे कुठे काय शिल्लक राहिलं याचा हिशोबच ठेवायला नको. जावातही असंच, नेक्स्टलाइन घ्या आणि इंटिजर पार्स करा. सी प्लस प्लसमध्ये गेटलाइनच्या आधी सीइनमधून डब्ल्यूएस वाचून टाकलं तरी भागतं.

टर्बो सी वरून आठवलं, गेटकॅर वापरून "कुठलीही की दाबा" करायला जावं तर एंटर मारल्याशिवाय प्रोग्राम हलत नाही, आणि लोक एसटीडीइनचा बफर बंद करायला धावतात. तो बंद करूनही काही होत नाही, कारण इथे अडवणारा तुमच्या लायब्ररीचा बफर नाहीच, कर्नलमधला टर्मिनल ड्रायव्हर पूर्ण ओळ होईपर्यंत डेटा देतच नाही, बॅकस्पेस चालावा म्हणून. म्हणजे डेटा दुसऱ्या ठिकाणी अडकलाय, पहिल्या नाही. त्यासाठी टर्मिनलचा मोड बदलावा लागतो, लिनक्सवर टर्मिऑसने. टर्बो सी मधल्या कोनिओ लायब्ररीचं गेटसीएच हे काम आतल्या आत करायचं म्हणून तिथे प्रश्न यायचा नाही.

अजून एक, फाइल वाचताना "जोपर्यंत एफईओएफ नाही" असा व्हाइल लूप लिहू नका. एफईओएफ खरं होतं ते वाचण्याचा प्रयत्न फसल्यानंतर, आधी नाही, त्यामुळे शेवटची ओळ दोनदा येते. लूपची अट एफगेट्सच्या रिटर्न व्हॅल्यूवर ठेवा.

पायरी 6: बफरने जास्तच वाचून ठेवलं

लिहिताना बफर उशीर करतो, वाचताना तो आधीच पुढचं उचलून ठेवतो. तुम्ही एक ओळ मागितली तरी तो शक्य तेवढं वाचून आपल्याकडे ठेवतो. एकटाच वाचणारा असेल तर काही फरक पडत नाही. दोन वाचणारे झाले की पंचाईत.

जावात एकाच सॉकेटवर हेडर वाचायला एक बफर्डरीडर आणि बॉडी वाचायला दुसरा बनवलात की बॉडीचा सुरुवातीचा भाग गायब, तो पहिल्याच्या पोटात गेलेला असतो. एका स्ट्रीमवर एकच बफर्डरीडर, आणि तोच सगळीकडे पास करायचा.

शेलमध्ये याचंच भावंडं भेटतं. सर्व्हरची नावं एका फाइलमध्ये, व्हाइल रीड लूप, आत एसएसएच. पहिल्या सर्व्हरवर कमांड चालते आणि लूप मुकाट्याने संपतो. एसएसएचने स्टँडर्ड इनपुट म्हणजे तीच फाइल उरलेली सगळी वाचून टाकली, पलीकडे पाठवायला. एसएसएचला मायनस एन द्या, प्रश्न मिटला. शेलचं रीड स्वतः मात्र फार समजूतदार आहे, पाइपवर ते एकेक बाइट वाचतं, मुद्दाम, पुढच्या कमांडचा घास जाऊ नये म्हणून, आणि म्हणूनच पाइपमधून बराच डेटा आला की शेलचा लूप इतका हळू चालतो.

नेटवर्कवाल्यांसाठी, सिलेक्ट किंवा पोल (कुठल्या सॉकेटवर वाचायला डेटा आलाय ते सांगणारे कॉल) हे कर्नलला विचारतं, तुमच्या बफरला नाही. रीडलाइनने एक ओळ दिली पण आत तीन ओळी आलेल्या होत्या, तर सिलेक्ट म्हणेल "काही नाही" आणि दोन ओळी तुमच्याच बफरमध्ये पडून राहतील. सिलेक्ट वापरायचं तर बफर नसलेलं रीड वापरा आणि ओळी स्वतः तोडा.

पायरी 7: मागितले 4096, आले 1300, आणि मराठी अक्षर अर्धं तुटलं

सॉकेटवर रीसीव्हला 4096 बाइट मागितले तर तेवढे मिळतीलच असं नाही, 4096 ही वरची मर्यादा आहे. जेवढे आले तेवढे देतो. एका सेंडला एक रीसीव्ह असं काही टीसीपीमध्ये नसतंच. पूर्ण हवे असतील तर लूप लावा, जावात डेटाइनपुटस्ट्रीमचं रीडफुली आहे. आणि हे घरच्या घरी टेस्ट करताना एकाच मशीनवर बहुतेकदा पूर्ण येतं, म्हणून बग सहसा प्रॉडक्शनमध्येच दिसतो.

आता यात आपल्या भाषेची एक खास अडचण आहे जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा येत नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधलं एकेक चिन्ह, तीन बाइटचा. "मराठी" म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, असे पाच कोडपॉइंट, पंधरा बाइट. आणि बफरचे साइज सगळे दोनच्या घातातले, 4096, 8192, 65536, यातल्या एकालाही तीनने भाग जात नाही. 4096 बाइटमध्ये 1365 अक्षरं बसतात आणि एक बाइट उरतो. म्हणजे पुढच्या अक्षराचा पहिला बाइट या तुकड्यात आणि दोन बाइट पुढच्या तुकड्यात. प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड केलात तर पायथन युनिकोड डीकोड एरर देऊन थांबतो, आणि नोडमध्ये प्रत्येक तुकड्याला टूस्ट्रिंग केलं तर एरर येत नाही, गुपचूप मधेच चौकोनात प्रश्नचिन्ह असलेली चिन्हं येतात. खऱ्या मजकुरात स्पेस आणि न्यूलाइन एकेका बाइटच्या असल्यामुळे तुकडा कुठे तुटेल हे आधी सांगता येत नाही, कधी नीट बसतो, बऱ्याचदा नाही.

इंग्रजी मजकुरावर हा कोड कितीही वेळा चालवला तरी बग दिसत नाही. मराठी साइटचा, मराठी फॉर्मचा, मराठी पुस्तकाच्या फाइलचा डेटा आला की दिसतो, आणि मग "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून तिकीट बंद केलं जातं. फॉन्टचा नाहीये तो. पायथनमध्ये फाइल टेक्स्ट मोडमध्ये एन्कोडिंग देऊन उघडा, किंवा कोडेक्समधला इन्क्रिमेंटल डीकोडर वापरा, तो अर्धं अक्षर पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. नोडमध्ये स्ट्रीमवर सेटएन्कोडिंग करा किंवा स्ट्रिंगडीकोडर घ्या. टेस्ट डेटामध्ये निदान एक फाइल शुद्ध देवनागरीतली, बफरपेक्षा मोठी, कायमची ठेवून द्या.

गो मध्ये ओळी वाचायला बफआयओचा स्कॅनर वापरत असाल तर त्याची एका ओळीची मर्यादा मुळात 64 केबीची आहे. त्याहून मोठी ओळ आली की स्कॅन फॉल्स देतो, लूप संपतो, आणि फाइल संपली असं वाटतं. लूपनंतर स्कॅनरचा एरर तपासला तरच कळतं.

पायरी 8: पाइपांची माळ आणि दोघांचं अडून बसणं

टेल मायनस एफ लावून लॉग ग्रेप केला, आणि ते पुढे अजून एका ग्रेपला जोडलं, की काहीच येईनासं होतं. पहिल्या ग्रेपचं आउटपुट आता पाइपमध्ये जातंय, म्हणून तो फुल बफरिंगवर गेला, शेवटचा ग्रेप टर्मिनलवर आहे तो ठीक आहे. पहिल्या ग्रेपला लाइन-बफर्ड हा ऑप्शन द्या. सेडला मायनस यू, ऑकमध्ये एफफ्लश. असा ऑप्शन नसलेल्या प्रोग्रामला एसटीडीबफ मायनस ओएल लावून बघा, पण तो सी लायब्ररीच्या बफरवरच चालतो आणि तीही डायनॅमिक लिंक केलेली असेल तर, पायथन 3 स्वतःचा बफर वापरतो त्यामुळे तिथे त्याचा परिणाम शून्य.

दुसरी गोष्ट, पायथनमधून चाइल्ड प्रोसेस चालवताना स्टँडर्ड आउट आणि स्टँडर्ड एरर दोन्ही पाइपवर घेतले आणि आधी पूर्ण आउट वाचायला बसलात. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा 64 केबी मावतात. चाइल्डने एररवर त्याहून जास्त लिहिलं की तो तिथे थांबतो, तुम्ही आउटवर थांबलेले, कोणीच हलत नाही. छोट्या इनपुटवर सगळं छान चालतं आणि मोठ्यावर लटकतं, ही याची खूण. कम्युनिकेट वापरा, ते दोन्ही एकत्र वाचतं.

पायरी 9: बंद करणं, एरर, आणि लाइट जाणं

फाइल रिकामी किंवा शेवटचा तुकडा कापलेला दिसला तर क्लोज झालंय का बघा. पायथनमध्ये विथ, जावात ट्राय विथ रिसोर्सेस, ही सवयच हवी. गो मध्ये बफआयओच्या रायटरला फ्लश स्वतः सांगावं लागतं, फाइल क्लोज केल्याने तो आपोआप होत नाही.

आणि फ्लशचा एररही तपासा. डिस्क भरलेली असताना प्रिंटएफ यशस्वी होतं, कारण त्याने फक्त बफरमध्ये टाकलं, खरी बोंब फ्लश किंवा क्लोजच्या वेळी होते. लिनक्सवर डेव्ह फुल नावाची खास फाइल आहे, तिच्यावर काहीही लिहिलं तरी "जागा नाही" असा एरर येतो. तुमचा सी मधला हॅलो वर्ल्ड तिच्याकडे वळवा आणि एक्झिट कोड बघा, शून्य, म्हणजे सगळं आलबेल! एक बाइटही कुठे गेलेला नसताना. पायथन 3 निदान शेवटी एरर छापतो आणि 120 कोडने बाहेर पडतो. जावाचा प्रिंटरायटर एरर गिळतो, चेकएरर विचारल्याशिवाय सांगत नाही. रस्टमध्ये बफरायटर आपोआप ड्रॉप झाला तर फ्लशचा एरर हरवतो, म्हणून तिथे फ्लश हाताने करा.

आता शेवटचं ठिकाण. फ्लश केलं म्हणजे डेटा पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला, डिस्कवर नाही. प्रोग्राम क्रॅश झाला तर आता तो सुरक्षित आहे, कारण कर्नल जिवंत आहे. पण लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर कर्नलकडे पडलेला डेटा जातो, आणि लिनक्स बदललेला डेटा डीफॉल्ट सेटिंगमध्ये साधारण 30 सेकंदांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतो. ज्या गावात दिवसातून चार वेळा लाइट जाते तिथल्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर लिहीत असाल तर हे तुमच्यासाठीच आहे. तिथे फ्लशनंतर एफसिंक, म्हणजे कर्नलला डेटा डिस्कवर लिहायला लावणारा कॉल, लागतं, पायथनमध्ये ओएस डॉट एफसिंक, आणि क्रम हाच, आधी फ्लश, मग एफसिंक. उलटं केलंत तर पहिल्या ठिकाणचा डेटा एफसिंकला दिसतच नाही.

जुनी फाइल बदलायची असेल तर तिच्यावरच लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल बनवा, पूर्ण लिहा, फ्लश, एफसिंक, क्लोज, आणि मग रीनेम करून जुन्या नावावर आणा, शेवटी फोल्डरवरही एफसिंक करा म्हणजे नवं नावही डिस्कवर पक्कं होतं. एफसिंक हळू असतं, प्रत्येक ओळीला करू नका, एक बिल पूर्ण झालं की एकदा करा.